वाट पाहणाऱ्याचा काळ

मराठीत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. ‘बराच वेळ गेला’ असे आपण म्हणतो तेव्हा तो पुल्लिंगी असतो. ‘वेळ आली’, ‘वेळ टळली’ असे म्हणतो तेव्हा स्त्रीलिंगी. पुल्लिंगी वेळ मोजता येतो. तो घड्याळाचा, पाळीचा, मजुरीचा वेळ असतो. स्त्रीलिंगी वेळ मोजता येत नाही. ती येते, साधते, चुकते आणि एकदा गेली की परत येत नाही. शाळेत हा भेद व्याकरणाचा एक नियम म्हणून सांगितला जातो आणि मास्तर पुढच्या धड्याकडे वळतात. परंतु तत्त्वज्ञांना शतकानुशतके छळणारा एक प्रश्न याच भेदात दडलेला आहे. सर्वांसाठी सारख्याच गतीने जातो असे आपण मानतो तो काळ, आणि ज्याचे जाणे आपल्याला प्रत्यक्ष जाणवते तो काळ, हे दोन्ही एकच काय? एक नसतील तर हे ‘जाणे’ जाणवते ते कशामुळे?

काळावरचे चिंतन ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असा समज आपल्याकडे आहे आणि तो अगदीच निराधार नाही. काळाविषयी ज्यांनी लिहिले त्यांतल्या बहुतेकांना निवांत बसून लिहिण्याइतका वेळ मिळालेला होता, हे विसरून चालणार नाही. तरीही हा विषय त्यांच्याच हाती सोडून द्यावा असे मला वाटत नाही. ज्याला पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या दारात, विहिरीवर, चावडीवर, कचेरीत तिष्ठत बसावे लागले, त्याच्यापाशी काळाच्या जाणिवेविषयी सांगण्यासारखे काहीतरी असलेच पाहिजे.

प्रथम प्रश्नाची अडचण नीट समजून घेऊ. रंग डोळ्यांना दिसतो, आवाज कानांना ऐकू येतो. काळासाठी मात्र आपल्यापाशी वेगळे इंद्रिय नाही. वैशेषिकांनी ही अडचण ओळखली होती. त्यांनी काळाला एक स्वतंत्र द्रव्य मानले: नित्य, सर्वव्यापी आणि एकच. पण ते दिसत नाही. ‘आधी’, ‘नंतर’, ‘एकाच वेळी’, ‘लवकर’, ‘उशिरा’ या आपल्या प्रत्ययांवरून त्याचे अनुमान करायचे, असे त्यांचे म्हणणे. बौद्धांनी याला नकार दिला. घटनांपासून वेगळा काढून ठेवता येईल असा काळ नावाचा पदार्थच नाही, ही त्यांची भूमिका. नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिके’च्या एकोणिसाव्या प्रकरणात भूत, वर्तमान आणि भविष्य एकमेकांवाचून कसे उभेच राहू शकत नाहीत हे दाखवले आणि स्वतंत्र काळाच्या कल्पनेचा पायाच काढून घेतला.

वैशेषिकांचे उत्तर सोयीचे आहे, पण ते प्रश्न सोडवत नाही. काळ बाहेर पसरलेला आहे असे मानले तरी तो मला ‘जाताना’ का जाणवतो, हे त्यातून कळत नाही. भूतकाळ संपलेला आहे, भविष्य अजून आलेले नाही आणि वर्तमान म्हणावे तर तो म्हणेपर्यंत सरलेला असतो. मग लांब काय असते आणि आखूड काय असते? चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या गावच्या बिशपने, ऑगस्टीनने, आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या अकराव्या भागात हा पेच फार प्रामाणिकपणे मांडला. त्याने काढलेली वाट अशी: आपण मोजतो ते बाहेरचे काही नसून मनातले असते. गेलेल्याची स्मृती, चाललेल्याचे अवधान आणि येणाऱ्याची अपेक्षा या तिन्ही गोष्टी आत्ता, या क्षणी मनात हजर असतात. मन या तिन्हींकडे ताणले जाते आणि हा ताण म्हणजेच काळ. ऑगस्टीनचा देव बाजूला ठेवला तरी त्याचे हे निरीक्षण टिकते. ‘ताण’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो कामाला येणार आहे.

आधुनिक काळात अमेरिकेच्या विल्यम जेम्सने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ या ग्रंथात आणखी एक पाऊल टाकले. आपण जगतो तो वर्तमान हा सुरीच्या धारेसारखा बारीक नसतो. त्याला रुंदी असते, काही सेकंदांची का होईना. त्या रुंदीवर बसून आपण मागे आणि पुढे पाहतो. जर्मनीत एडमुंड हुस्सेर्लने या रुंदीचे पृथक्करण केले. त्याची १९०५ सालची व्याख्याने १९२८ मध्ये छापली गेली. त्याचे शब्द जड आहेत. त्यांचे मराठी प्रतिशब्द घडवून वाचकाला घाबरवण्याचे कारण नाही. हलगीचे उदाहरण पुरे होईल. हलगीवर टिपरू पडते. तो ठोका संपतो, पण कानातून लगेच जात नाही. पुढचा ठोका पडतो तो मागच्याला धरूनच पडतो. तसे नसते तर आपल्याला एकेक सुटा आवाज ऐकू आला असता, ताल ऐकूच आला नसता. हे मागचे धरून ठेवणे म्हणजे आठवण नव्हे. काल ऐकलेली हलगी आठवावी लागते. आत्ताच पडलेला ठोका आठवावा लागत नाही. आणि त्याच वेळी कान पुढे झुकलेला असतो, येणाऱ्या ठोक्याकडे. वाजवणारा अचानक थांबला की आपण दचकतो ते त्यामुळेच. कानाने जे गृहीत धरले होते ते आले नाही.

म्हणजे काळाचे जाणे जाणवते ते मागचे धरणे आणि पुढे झुकणे या दुहेरी ओढीतून. हुस्सेर्लने पुढे झुकण्यापेक्षा मागच्या धरण्याचा विचार अधिक बारकाईने केला. मला वाटते, आपल्याला अधिक गरज आहे ती पुढे झुकण्याच्या विचाराची. कारण पुढचा क्षण माझ्या हातात आहे की दुसऱ्याच्या, यावर हे झुकणे कसले असेल ते ठरते.

काळाची गती माणसागणिक आणि अवस्थेगणिक बदलते, हे मानसशास्त्राने प्रयोगांनी दाखवून दिले आहे. हडसन होगलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाची पत्नी तापाने आजारी होती. तो औषध आणायला बाहेर पडला आणि थोड्याच वेळात परतला, पण तिला तो फार वेळाने आला असे वाटले. त्याने तिला मनातल्या मनात साठ सेकंद मोजायला सांगितले. ताप चढलेला असताना तिचे मिनिट घड्याळाच्या चाळीस सेकंदांच्या आसपासच संपू लागले. शरीर तापले की आतले घड्याळ जलद चालते, असा निष्कर्ष होगलंडने १९३३ मध्ये मांडला. उलट उदाहरण मिशेल सिफ्र या फ्रेंच तरुणाचे. १९६२ मध्ये तो आल्प्समधील एका बर्फाळ गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला मुदत संपल्याचे त्याला कळवले तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच उजाडला होता. ना सूर्य, ना माणूस, ना घटना. अशा ठिकाणी त्याचे पंचवीस दिवस हरवले.

जेम्सने या साऱ्याला एक सूत्र दिले होते. घटनांनी भरलेला वेळ जाताना झटकन जातो, पण मागे वळून पाहिले की लांब वाटतो. रिकामा वेळ जाताना जाता जात नाही, पण आठवणीत मात्र आक्रसून जातो. जत्रेचा दिवस आणि आजारपणातला दिवस आठवून पाहावा, सूत्र पटते. बहुतेक माणसांच्या बहुतेक अनुभवांना ते लागूही पडते.

पण सर्वांच्या नाही.

१९०१ साली सातारा जिल्ह्यातील मसूरच्या रेल्वे स्टेशनावर चार मुले गाडीतून उतरली. त्यांतला एक भीमराव आंबेडकर, वय नऊ-दहा वर्षांचे. वडील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे नोकरीवर होते; मुले उन्हाळ्यात त्यांच्याकडे निघालेली. अंगात नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. संध्याकाळचे पाच वाजले होते. गाडीतले इतर उतारू काही मिनिटांत आपापल्या वाटेने निघून गेले. ही चौघे फलाटावर उभी राहिली. वडील किंवा त्यांचा माणूस न्यायला येणार होता. कोणी आले नाही. मुलांचे पत्र नोकराने वडिलांना दिलेच नव्हते, हे नंतर कळले. तासाभराने स्टेशनमास्तर चौकशीला आला. मुलांची जात कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. पुन्हा वाट पाहणे. सूर्य मावळतीला लागला. नंतर दुप्पट भाड्याच्या बोलीवर एक गाडीवान तयार झाला तो मुलांनी स्वतः बैल हाकावेत, आपण बाजूने चालत येऊ, या अटीवर. पुढची रात्र तहानेची.

आंबेडकरांनी हा प्रसंग तीसेक वर्षांनंतर, १९३० नंतरच्या दशकात, लिहून ठेवला. या प्रसंगांच्या लेखनाला त्यांनी दिलेले नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. नावातच वाट पाहणे आहे. हे लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकेच्या रूपाने १९९० मध्ये काढले.

जेम्सचे सूत्र या तासाला लावून पाहू. फलाटावर काही घडत नव्हते, म्हणजे वेळ रिकामा होता. तो जाताना लांब वाटला असणारच. पण सूत्राप्रमाणे आठवणीत तो आक्रसून जायला हवा होता. तसे झाले नाही. तीस वर्षांनंतरही किती वाजले होते, कोण कधी निघून गेले, मास्तर किती वेळाने परत आला, सूर्य कुठवर आला होता, हे सारे त्या माणसाला लख्ख आठवते. हा वेळ जाताना लांब होता आणि आठवणीतही लांबच राहिला.

याचे कारण काय असावे? माझे उत्तर असे की, असा वेळ रिकामा नसतोच. बाहेरून पाहणाऱ्याला तो रिकामा दिसतो. ज्याचा पुढचा क्षण दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेला आहे त्याचे अवधान मोकळे नसते. तो प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा वाचत असतो. हा विचारील काय? विचारले तर काय सांगावे? सांगितले तर पुढे काय होईल? घडत काहीच नाही, पण घडू शकेल असे पुष्कळ काही दर क्षणाला हजर असते. हलगीच्या उदाहरणात कान पुढच्या ठोक्याकडे विश्वासाने झुकलेला असतो. इथे मन पुढे झुकते ते धास्तीने. ऑगस्टीन ज्याला ताण म्हणतो तो इथे रूपक राहत नाही. तो मानेत, जबड्यात, पोटऱ्यांत उतरतो.

एक आधुनिक प्रयोग या संदर्भात नोंदवण्याजोगा आहे. २००७ मध्ये अमेरिकेत स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून खालच्या जाळ्यात सोडण्यात आले. आपले पडणे त्यांना इतरांच्या पडण्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने लांब वाटले. पण पडत असताना मनगटावरचे झरझर बदलणारे आकडे त्यांना नेहमीपेक्षा काही अधिक वाचता आले नाहीत. भीतीत काळ मंदावत नाही, तर स्मृती दाट होते, असा अर्थ संशोधकांनी लावला. ती उडी काही सेकंदांची होती आणि खाली जाळे होते. ज्याच्या खाली जाळे नाही आणि ज्याची उडी तासतास चालते, त्याची स्मृती किती दाट होत असेल?

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ याने काळाचा अनुभव सांगण्यासाठी पाण्यात विरघळणाऱ्या साखरेचे उदाहरण १९०७ मध्ये घेतले होते. साखरपाणी हवे असेल तर साखर विरघळेपर्यंत थांबावे लागते. त्या थांबण्यात, त्या अधीरतेत खरा काळ हाती लागतो, गणितातला नव्हे. दृष्टांत सुंदर आहे. वाट पाहण्यातच काळ कळतो हे बर्गसाँला अचूक दिसले होते. पण पेला त्याचा आहे, साखर त्याची आहे, आणि साखर कोणाची जात पाहून विरघळत नाही. वस्तूची वाट पाहणे आणि माणसाच्या मर्जीची वाट पाहणे हे दोन वेगळे काळानुभव आहेत. हा फरक त्याने केला नाही, कारण त्याला तो करण्याची गरज पडली नाही.

माझी आजी विहिरीच्या गोष्टी सांगायची. रिकामी घागर घेऊन विहिरीपासून दूर बसायचे. कोणा बाईला दया आली तर ती वरून ओतणार. आजीला मी एकदा विचारले, ‘किती वेळ बसायचीस?’ ती म्हणाली, ‘वेळ कुठला रं बाबा, येईल तवा येईल.’ तेव्हा मला ते उडवून लावणारे उत्तर वाटले होते. आज कळते की तिने व्याकरणात बसणारे उत्तर दिले होते. मोजता येणारा पुल्लिंगी वेळ तिच्यापाशी नव्हताच. होती ती वेळ, दुसऱ्या कोणीतरी आणायची.

गावगाड्याने ही गोष्ट रीतसर बांधून ठेवली होती. येसकराच्या पाळीचा महार वेशीवर हजर पाहिजे. पाटलाची, तलाठ्याची, येणाऱ्या अंमलदाराची हाक आली की निघाले पाहिजे. कामाला तास नव्हते. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवताना आंबेडकरांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले होते: या नोकराला दिवस नाही आणि रात्र नाही, आणि तो जागेवर नसला तर त्याच्या घरच्या माणसाला कामाला धरतात. म्हणजे हाक येईपर्यंतचा वेळसुद्धा त्याचा नव्हता. तो हाकेच्या आधीचा वेळ होता. अशा माणसाला बाहेरचे लोक ‘आळशी, नुसता बसलेला’ म्हणत आले. नुसते बसणे किती थकवणारे असते हे त्यांना कधी कळले नाही.

काळ आणि शरीर यांची याहूनही क्रूर गाठ पेशवाईतल्या पुण्यात बांधली गेली होती. महार-मांगांना दुपारी तीननंतर सकाळी नऊपर्यंत शहराच्या वेशीच्या आत यायला बंदी होती, असे गो. स. घुर्ये यांनी नोंदवले आहे. कारण, त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि सावली दुसऱ्यावर पडण्याचा संभव असतो. मनुष्याने काळ मोजण्यासाठी शोधलेले सर्वांत जुने साधन म्हणजे शंकू, उन्हात रोवलेली काठी. तिची सावली पाहून इतरांनी प्रहर ओळखला. या माणसांना मात्र स्वतःचे शरीरच शंकू म्हणून वागवावे लागले, आणि त्या शरीराची सावली त्यांना किती वाजले हे सांगत नसे; आता निघ, एवढेच सांगे.

हे झाले दिवसाच्या आतले वाट पाहणे. याहून मोठे वाट पाहणे जन्माच्या हिशेबात मांडले गेले. या जन्मीचे भोग मागच्या जन्माचे फळ. निमूट भोगलेस तर पुढचा जन्म बरा. काळाची जाणीव घडवण्याचा याहून प्रचंड प्रयोग जगात क्वचितच झाला असेल. माणसाचे पुढे झुकणे त्याच्या आयुष्यातूनच उचलून बाहेर ठेवून दिले. वैशेषिकांच्या नित्य काळातून जातिव्यवस्था निघाली असे मी म्हणत नाही. तत्त्वज्ञानाचा आणि गावगाड्याचा संबंध इतका सरळ नसतो. पण ज्याला माणसांना अनंत काळ थांबवून ठेवायचे आहे, त्याला काळ अनंत आणि आत्मा नित्य असलेला बरा पडतो, एवढे खरे.

बौद्धांचा क्षणवाद या ठिकाणी नुसता तर्काचा खेळ राहत नाही. धर्मकीर्तीच्या परंपरेचा युक्तिवाद थोडक्यात असा: जे काही कार्य करते तेच खरे अस्तित्वात असते, जे कार्य करते ते बदलते, म्हणून जे आहे ते क्षणोक्षणी वेगळे आहे. नाश व्हायला बाहेरचे कारण लागत नाही. आता या दृष्टीने पाहिले तर मागच्या जन्माचा हिशेब या जन्मात घेऊन येणारा नित्य वाहकच उरत नाही. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात आंबेडकरांनी कर्माची मागच्या जन्मावरून ठरणारी कल्पना बुद्धाची मानायला नकार दिला आणि कर्माचा नियम या जगातल्या नैतिक व्यवस्थेपुरता लावला. काळाच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी पुढच्या जन्मात नेऊन ठेवलेले फळ या आयुष्यात परत आणले.

‘थांबा, काळच सारे ठीक करील’ हा उपदेश केवळ आपल्याकडचा नाही. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मार्टिन ल्यूथर किंग यांनी गोऱ्या धर्मगुरूंच्या याच उपदेशाला उत्तर दिले. काळ स्वतः काहीच करत नाही, तो चांगल्याच्याही कामी येतो आणि वाईटाच्याही, हा त्यांचा मुद्दा. पुढच्या वर्षी निघालेल्या त्यांच्या पुस्तकाचे नावच ‘व्हाय वी कान्ट वेट’. बाहेरचा काळ आपोआप सुधारणेकडे वाहतो असे ज्याला वाटते तो सहसा फलाटावरून आधीच निघून गेलेला उतारू असतो.

घड्याळाविषयीही थोडे बोलले पाहिजे. यंत्रयुगाच्या घड्याळाने कामगाराचा काळ हिरावला, असे आपण वाचतो आणि ते खरे आहे. जानेवारी १९०६ मध्ये मुंबईतील हजारो गिरणी कामगार कामावर न जाता दगड घेऊन उभे राहिले ते नव्या प्रमाणवेळेच्या विरोधात. ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती, म्हणजे तितके आधी उठणे आले. पण ज्याच्या कामाला कधी तासच नव्हते, त्याच्या हाती घड्याळ पडले तेव्हा त्याचा वापर उलटाही झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरवली. सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे गेला. त्यातल्या मागण्या पाहा: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, आणि मागच्या महिन्याचा पगार फार तर पंधरा तारखेपर्यंत हाती. ही शेवटची मागणी मला सर्वांत लक्षणीय वाटते. पगाराची वाट पाहायला कामगार तयार होते. वाट पाहणे कुठवर, त्याची तारीख त्यांना लिहून हवी होती.

१० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याच्या सुटीची मागणी मान्य केली. विल्यम जेम्सचा ग्रंथ अमेरिकेत निघाला तो याच वर्षी.